वय वाढलं की जुनी गोष्ट बदलते का? (बाबांचा पानशेतचा पूर)

मुठाकाठ

मंडळी, घरात एका गोष्टीवरून जरा गरमागरमी चाललीये म्हणून धागा काढतेय. जुने धागे शोधले पण सगळे विसराळूपणावरच सापडले, मला वेगळं विचारायचंय.

माझे बाबा ७७ चे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते तेरा वर्षांचे, नारायण पेठेत नदीच्या अंगाला वाड्यात राहायचे. आम्ही भावंडं लहान असताना पावसाळ्यात लाइट गेले की ही गोष्ट व्हायचीच. आणि तेव्हा ती कशी एकदम शिस्तीत असायची. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती टाकत होते, सकाळी पानशेत गेलं, मग खडकवासला गेलं, लकडी पूल पाण्याखाली, कुठल्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी चढलं, कोण कुठल्या बोळातनं पळालं, सगळं क्रमानं. मध्येच काही विचारलं तर 'थांब, येतो तिथे' म्हणायचे आणि खरंच तिथे यायचे.

आता तीच गोष्ट माझ्या मुलांना सांगतात तर जवान नाहीत, पूल नाही, खडकवासला नाही. सरळ 'आम्ही पळालो' इथून सुरुवात आणि मग बराच वेळ त्यांच्या आईबद्दल. आजीनं कणीक मळून ठेवली होती, घर सोडताना तिनं ना दागिने घेतले ना कागदपत्रं, कणकेची परात डोक्यावर घेतली आणि तशीच भवानी पेठेत काकांच्या घरापर्यंत चालत गेली. तिथे पोचल्यावर पहिलं काम काय, तर त्या कणकेच्या पोळ्या लाटून सगळ्या पोरांच्या हातावर पोळी आणि गुळाचा खडा ठेवला. हे कणकेचं मी लहानपणी एकदाही ऐकलेलं नाही!

ताईचं म्हणणं, वयामुळे दुसऱ्याच कुठल्यातरी दिवसाची आठवण यात घुसलीये. ती मुलांसमोरच विचारते, 'बाबा, कणीक कुठून आली आता मध्येच?' बाबा गप्प होतात, गोष्ट तिथेच संपते. मला ते बघवत नाही. ताईलाही मी वाईट म्हणत नाही, ती म्हणते की ही राजाराणीची गोष्ट नाहीये, माणसं गेली त्या पुरात, मुलांना खरं कळायला हवं.

तर तुमच्या घरी असं होतं का? आणि टोकावं का?

खारीक

मी पहिली. वाचतेय. आमच्या घरी सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई एकच लग्न दोन वेगवेगळ्या गावांत लावतात, सविस्तर नंतर लिहिते.

सह्यपायथा

आमचं गाव पाटण तालुक्यात. आमच्याकडची गोष्ट कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस-एकवीस मिनिटं. वडील तेव्हा एकवीस-बावीसचे. आम्हाला लहानपणी सांगायचे ते सगळं त्या काही सेकंदांचं असायचं. आवाज कसा आला, गोठ्याची भिंत कशी बसली, चुलत्याला ढेकळांतनं कसा ओढला. ऐकून झोप यायची नाही.

आता ऐंशी झाली त्यांची. भूकंप दोन वाक्यात उरकतात आणि मग त्यानंतरचे दिवस सुरू होतात. डिसेंबरची थंडी, घरात जायची कुणाची छाती होत नव्हती, सगळं गाव शेतात खोपी घालून राहिलेलं, एका चुलीवर चार घरांचा स्वयंपाक, ज्यांचं बोलणं बंद होतं ते भाऊ एका खोपीत. रात्री जमीन परत हलली की सगळ्यांनी मिळून म्हादेवाचं नाव घ्यायचं आणि परत पडायचं. हे आधी कधी सांगितलं नव्हतं असं नाही, पण आधी शेपटीला असायचं, आता तेच मुख्य झालंय. मला वाटतं तरुणपणी माणसाला काय घडलं ते सांगावंसं वाटतं आणि म्हातारपणी आपण निभावलं कसं ते.

टोकू नका. पण आधीची गोष्ट तुम्हाला पाठ आहे ना, ती तुम्हीच लिहून ठेवा.

कातळशिल्प

वय झालं की लोक वाढवून सांगतात असं सगळे धरून चालतात, आमच्याकडे बरोब्बर उलटं झालंय. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही त्यांना बाबाकाका म्हणायचो. रात्री पायी घरी येताना पाणंदीत वाघ आडवा आला ही त्यांची गाजलेली गोष्ट. पंचक्रोशीत कुणाच्याही पडवीत बसा, ती व्हायचीच. वाघाचे डोळे, वाघाचा वास, यांनी कंदील कसा वर धरलान, वाघ कसा मागच्या पावली गेला.

पंच्याऐंशी उलटल्यावर एकदा मी म्हटलं, बाबाकाका वाघाची सांगा. तर म्हणाले, 'वाघ कसला रे, तरस होतं. पण तेव्हा घरात पोरं होती ढीगभर, तरस म्हटलं असतं तर कोण बसलं असतं?' आणि मग तरसाची गोष्ट सांगितलीन. ती वाघाच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतीदायक होती राव. तरस बाजूनं चालतं, समोर येत नाही, थांबलात की थांबतं. कंदील वरबिर काही धरला नव्हता, काचेवर हात ठेवून रडत आले होते घरापर्यंत, तेही सांगितलंन.

हुरडा_पार्टी

कातळशिल्प, दंडवत त्या बाबाकाकांना __/\__

अंबाझरी

मले वयाचं हे काही पटून नाही राहिलं. ऐकणारा कोण आहे त्यावर आहे सगळं. आमचे आबाजी रेल्वेत होते, १९७४ च्या मे महिन्यातला संप त्यांनी केलेला, ८ तारखेपासून २७ पर्यंत. पानठेल्यावर जुने सोबती भेटले की त्याच संपाची गोष्ट घोषणा, सभा, कोण फुटलं, कोण टिकलं अशी चालते. त्याच दिवशी घरी आमच्या पोरींना सांगतील तर आजीनं तांदळाचा डबा कुठं लपवून ठेवला होता आणि वीस दिवस वरणात पाणी कसं वाढत गेलं. माणूस एक, वय एक, दिवसही एकच! मग वय कुठून आलं याच्यात?

मुठाकाठताई, तुमचे बाबा तेव्हा तुम्हाले सांगत होते, आता नातवंडांले सांगतात. तुम्ही शाळेतली मोठी पोरं होता, तारखा विचारत असाल. नातवंडं लहान आहेत, त्यांले पोळी-गूळ समजते. एवढंच आहे. उगाच त्याच्यात आजार शोधू नका.

मुठाकाठ

अंबाझरी, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण परवा मी एकटीच असताना बाबा सांगत होते तेव्हाही कणीक होतीच. आणि लकडी पूल नव्हता. माझ्यासाठी तरी पूल यायला हवा होता ना?

प्राजक्तसडा

मी मानसशास्त्र शिकवते, यावर थोडं वाचलेलं आहे म्हणून लिहिते. जरा लांबेल.

अंबाझरींचं म्हणणं बरोबर आहे पण अर्धं. ऐकणाऱ्याप्रमाणे गोष्ट बदलते हे कुठल्याही वयात होतं. त्याच्याबरोबर वयाचाही भाग असतोच. टोरांटोमध्ये ब्रायन लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तरुण आणि वयस्कर लोकांना स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले आणि प्रत्येक वाक्य मोजलं. वयस्करांच्या सांगण्यात त्या ठरावीक प्रसंगातले बारकावे, म्हणजे कधी, कुठे, कशानंतर काय, हे कमी निघाले. त्याऐवजी आजूबाजूची माहिती, 'तेव्हा असंच असायचं' छापाची वाक्यं, स्वतःचं मत, हे जास्त. मुठाकाठ, तुमच्या लकडी पुलाचं आणि पायऱ्यांचं बहुधा हेच झालंय.

दुसरं, सगळ्या आयुष्यातलं सारखं आठवत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या जास्त निघतात, हे खूप वेळा तपासलं गेलंय. तुमचे बाबा तेरा वर्षांचे, सह्यपायथांचे वडील बाविशीचे. म्हणून हे प्रसंग ऐंशीतही इतके ठसठशीत, आणि मागच्या वर्षीची ट्रिप मात्र धूसर.

तिसरं, आणि हे ताईंना सांगा. गोष्ट बदलायला म्हातारपण लागतच नाही! २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान फुटलं. मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कुणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्याच काहींना परत तेच विचारलं. त्यातल्या साधारण पाव मुलांचं सगळंच्या सगळं चुकलं, आणि तरी ती अगदी ठामपणे सांगत होती. पहिल्या दिवशीचं स्वतःच्या अक्षरातलं दाखवल्यावरही काहींना ते आपलं वाटेना. ही विशीतली पोरं होती. तेव्हा ताईंना लहानपणीची जी गोष्ट 'खरी' म्हणून आठवतेय, तीही बाबांनी घडल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी सांगितलेलीच होती ना? तिच्यातसुद्धा ऐकलेलं, पेपरात वाचलेलं आलेलं असणारच. तेरा वर्षांचा मुलगा रात्री धरणावर जवान बघायला नक्कीच गेला नव्हता.

कणकेचं मात्र मी खरं-खोटं काहीच म्हणणार नाही. नवीन बारकावा वर येणं म्हणजे तो बनवलेलाच असतो असं नाही. स्वयंपाकघरात बसलेले असतील, समोर कुणी कणीक मळत असेल, तेवढ्यानंही निघतं.

खारीक

'तेरा वर्षांचा मुलगा धरणावर गेला नव्हता' हे वाचून एकदम थांबले. म्हणजे जो भाग आपण पक्का धरतो तो ऐकीव आणि ज्याला मोडीत काढतो तो डोळ्यांनी बघितलेला असू शकतो.

यारानदी

+१ प्राजक्तसडा, वाचनखूण साठवली.

मी मेलबर्नला, आई-बाबा ठाण्यात. आमचा प्रॉब्लेम गोष्ट बदलण्याचा नाही, तीच ती गोष्ट परत येण्याचा आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबा 'तुला कधी सांगितलं नसेल' म्हणून सुरू करतात आणि मला पुढचं वाक्य माहीत असतं. आईचं मात्र भारी आहे. तिला कुणीतरी तोंडावर सांगितलं की हे झालंय सांगून, ते तिला फार लागलं. तेव्हापासून ती कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहून ठेवते. 'धाकटीला बारशाचं सांगितलं.' 'पोस्टातल्या मुलीला बेळगावचं सांगितलं.' मागच्या फेरीत मी ती पानं बघितली, नावापुढे बारीक टिक केलेल्या. मी कपाटाआड जाऊन रडून घेतलं.

प्राजक्तसडा

यारानदी, याचाही अभ्यास झालाय. कुणाकडून ऐकलं आणि कुणाला सांगितलं या दोन वेगळ्या आठवणी आहेत. २०१० मध्ये गोपी, क्रेक आणि हॅशर यांनी दाखवलं की कुणाला सांगितलं हे लक्षात राहणं वयाबरोबर जास्त ढासळतं, आणि गंमत म्हणजे माणसाला खात्री मात्र पक्की असते. बाबांना खरंच वाटतं की सांगितलं नाहीये. बोलताना आपलं सगळं लक्ष सांगण्यावर असतं, समोरच्याचा चेहरा त्या गोष्टीशी बांधला जात नाही. आईंनी शोधलेला उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे.

स्टेथोस्कोप

डॉक्टर या नात्यानं एक गोष्ट मध्ये घालतो, कारण अशा धाग्यांवर लोक उगाच घाबरतात नाहीतर उगाच निर्धास्त होतात.

आठवड्यानं तीच गोष्ट परत सांगणं वेगळं आणि दहा मिनिटांत, आत्ताच सांगितली याचा पत्ता नसताना परत तशीच सांगणं वेगळं. दुसरं दिसलं, त्याबरोबर ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, हिशोब जमेनासा होणं, रोज करायची भाजी करताना पायरी सुटणं असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. दाखवताना बी-१२, थायरॉइड बघून घ्या, डिप्रेशनचा विचार करा, दुरुस्त होण्यासारख्या कारणांनीही स्मरणशक्ती मंदावते. जुनं पक्कं आठवतं म्हणजे सगळं ठीक असंही नाही, स्मृतिभ्रंशात आधी जाते ती अलीकडची आठवण, जुनी बराच काळ टिकते.

आणि कान तपासा. हे कुणी करत नाही. कमी ऐकू यायला लागलं की गप्पांत भाग घेणं जड जातं, चार जण एकदम बोलले की काहीच लागत नाही. अशा वेळी आपली माहितीची गोष्ट सुरू करणं सोपं असतं, कारण त्यात ऐकावं लागत नाही. घरचे म्हणतात, आजोबा कुणाला बोलूच देत नाहीत. मशिन लावल्यावर तेच आजोबा ऐकायला लागलेले मी बघितलेत. मुठाकाठ यांनी लिहिलंय त्यात मला तरी काळजीचं काही दिसत नाही.

ओवीवेडी

इतकं छान चाललंय, माझं थोडं अवांतर. माझी आजी (मुळशीकडची) गोष्टी रोज नव्यानं सांगायची, नावं बदलायची, गावं बदलायची. पण जात्यावरच्या ओव्या मात्र काना-मात्रेचा फरक नाही! सोफ्यावर बसवून म्हटलं, आजी सांग, तर दोन ओळींपुढे जायची नाही, 'गेलं बाई सगळं' म्हणायची. एकदा नुसतं जात्याशी बसवली, खुंटा हातात दिला, दळण नव्हतंच आत, आणि घरघर सुरू झाल्याबरोबर ओवीमागून ओवी. माहेर, भाऊ, सीता, पाऊस. आम्ही फोन चालू करेस्तोवर कितीतरी झाल्या.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्यात, पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर कितीतरी ऐकायला मिळतात. त्यात वयस्कर बाया ऐका, मध्येच आठवत नाही म्हणून थांबतात, शेजारची एक शब्द देते की गाडी सुटते. चाल आणि यमक शब्दाला हलू देत नाहीत. गद्याला असा धरून ठेवणारा कुणी नसतो.

मांडवीतीर

ओवीवेडी, 'शेजारची एक शब्द देते' हे वाचून लिहावंसं वाटलं.

आम्ही फोंड्याकडचे. आजी आणि तिची धाकटी बहीण, आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो. १९६१ च्या डिसेंबरची गोष्ट, गोवा मुक्त झाला तेव्हाची, दोघी मिळून सांगायच्या. एकटी कधीच नाही. आजी म्हणायची विमानं आली, मावशीआजी म्हणायची आधी पुलाचा आवाज आला. आजी म्हणायची आम्ही माडाच्या बागेत लपलो, ती म्हणायची तू लपलीस, मी अंगणात होते. अर्धी गोष्ट म्हणजे भांडणच असायचं. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले होते, तो धमाका आधी की विमानं आधी यावर दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही.

मावशीआजी गेली. त्यानंतर आजीनं गोष्ट सांगितली ती पाच मिनिटांत संपली. आणि त्यात आधी पुलाचा आवाज आला होता! मावशीआजीची बाजू आजी सांगत होती. मी काही बोलले नाही.

मला वाटतं वयानं जे होतं त्यातला मोठा भाग हा आहे. 'असं नव्हतं गं' म्हणणारी माणसं एकेक करून जातात. मग तुम्ही सांगाल ते खरं, आणि सांगायला मजाही नाही.

अंबाझरी

हे मात्र पटलं. आबाजींचे पानठेल्यावरचे सोबती आता दोनच उरले.

तेरणाकाठ

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. सासर औसा तालुक्यात. आमची गोष्ट किल्लारीच्या भूकंपाची, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले.

माझ्या सासूबाईंनी त्यात पोटचं लेकरू गमावलं. माझं लग्न झालं तेव्हापासून मी घरात हा विषय निघालेला ऐकला नव्हता. भिंतीवर फोटोसुद्धा नाही. सत्तरी उलटल्यावर एक दिवस माझ्या मुलीच्या डोक्याला तेल लावता लावता आपणहून सांगायला लागल्या. त्या संध्याकाळचं सांगतात फक्त. मिरवणूक कशी निघाली, लेकरानं गुलालाचा फ्रॉक धुऊ दिला नाही, तसाच घालून झोपलं. भाकरी उरली होती, ती दुरडीत झाकून ठेवली. दाराला कडी लावली. इथे थांबतात. पुढचं एक अक्षर सांगत नाहीत. मुलगीही विचारत नाही, तिला कसं कळलं कोण जाणे.

आता अधूनमधून सांगतात. वर सगळ्यांनी लिहिलंय की गोष्ट बदलते, वाढते, आटते. ही बदलत नाही. गुलालाचा फ्रॉक, झाकलेली भाकरी, कडी. त्याच क्रमानं, त्याच शब्दांत. माझ्या नवऱ्याला वाटतं आईला त्रास होतो, सांगू देऊ नये. मला तसं दिसत नाही. सांगून झालं की वेणी घालून देतात आणि उठतात.

सह्यपायथा

तेरणाकाठ ताई, काय बोलावं. सांगू द्या त्यांना.

प्राजक्तसडा

तेरणाकाठ, वेळ काढून लिहिलंत, आभार. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मध्ये लिहिलं होतं की म्हातारपणी मागचं आठवत बसणं हा रोग समजू नये, माणूस आयुष्य परत एकदा हाताळून बघत असतो. त्याआधी वृद्धांना 'भूतकाळात रमू नका' असं सांगायची पद्धत होती. तुमच्या सासूबाई कुठे थांबायचं ते स्वतः ठरवतायत आणि ऐकणारीही त्यांनीच निवडलीये. तिथे आपण 'पुढे काय झालं' असं चुकूनही विचारू नये. झोप उडत असेल, जेवण तुटत असेल तर मात्र मदत घ्या.

स्टेथोस्कोप

पूर्ण सहमत.

हुरडा_पार्टी

जरा वातावरण हलकं करतो, चालेल ना? आमच्या मामांकडे १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट आहे. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायला गेलेले, सगळं खरं. पण मामी बाजूलाच बसलेली असते आणि ती दुष्काळात सासरी आलीच नव्हती, चार वर्षांनी लग्न झालं. तरी ती मामांना दुरुस्त करते! 'सुकडी बुधवारी नाही, शुक्रवारी मिळायची.' इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की तिला मामांपेक्षा जास्त माहितीये. मामा मुकाट्यानं शुक्रवार करतात.

खारीक

हुरडा_पार्टी 😂 मामी हव्यात प्रत्येक घरात. मांडवीतीर म्हणतेय ते 'असं नव्हतं गं' म्हणणारं माणूस मामांनी लग्न करून आणलं.

मुठाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद ताईला वाचून दाखवले. तेरणाकाठचा वाचताना दोघींनाही पुढे जाता येईना. मग ताईनंच सुचवलं की आत्याला विचारू. आत्या बाबांहून सहा वर्षांनी मोठी, सांगलीला असते, पुराच्या वेळी एकोणीसची म्हणजे चांगली जाणती. आम्ही बाबांचं काही न सांगता फक्त विचारलं, घर सोडताना आजीनं काय घेतलं होतं?

आत्या लगेच म्हणाली, परात. ताईचा चेहरा बघण्यासारखा होता. पण पुढे म्हणाली, कणीक नव्हती गं, डाळ होती भिजवलेली, आणि वर फडकं बांधलेलं. पोळ्या भवानी पेठेतल्या काकूंनी केल्या, आईला तर रस्त्यात ताप भरला होता, ती पोचल्या पोचल्या आडवी झाली. आणि हे बाबांना माहीत नसणार कारण पोरांना माडीवर नेऊन बसवलं होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. आत्या म्हणाली, तुझा बाप त्या वेळी आईचा पदर सोडत नव्हता, आणि परातीमुळे आईचे दोन्ही हात वर, त्यामुळे तिला त्याचा हात धरता येत नव्हता. हे ऐकल्यावर मला ती परात बाबांच्या डोळ्यांसमोर का राहिली ते कळलं.

ताईनं रात्री बाबांना फोन लावून दिला आत्याशी. तासभर चाललं. डाळ की कणीक यावर बराच वाद झाला, बाबांनी कणीक सोडली नाही! पण मध्येच लकडी पूल आला, वाड्याच्या पायऱ्या आल्या, पाणी ओसरल्यावरचा चिखल आणि कुजलेल्या धान्याचा वास आला, कात्रजच्या जुन्या हौदांवर पाण्यासाठी लागलेल्या रांगा आल्या, पूरग्रस्तांना मिळालेले ते अर्धगोल पत्र्याचे निसेन हट आले. आम्ही मुलांना झोपूच दिलं नाही.

अंबाझरी

वा! म्हणजे टोकायचं नाही, टोकणारा बरोबरीचा आणून बसवायचा.

कातळशिल्प

+१. आणि तो वादही रेकॉर्ड करा, एकट्याचं सांगणं करू नका. रेकॉर्ड केलंत का मुठाकाठ?

मुठाकाठ

नाही ना! लक्षातच आलं नाही, ऐकण्यातच गुंतलो होतो. आत्या दिवाळीत येतेय, तेव्हा करायचंय. कुणी केलंय का असं घरच्या घरी? काय विचारायचं, कसं विचारायचं?

ओवीवेडी

मी आजीचं बरंच केलंय. 'पुराचं सांगा' असं विचारलंत तर नेहमीची तयार गोष्ट येणार. त्याऐवजी जागा विचारा. वाड्याच्या दिंडीतून आत आलं की डावीकडे कोण राहायचं? पाणी कुठून भरायचात? संडासला रांग कुठपर्यंत? माणूस मनातल्या मनात चालायला लागलं की मधल्या गोष्टी आपोआप निघतात. जुना फोटो, जुनं भांडं हातात द्या. ती परात अजून घरात आहे का?

दुसरं, दर वेळी सुरुवातीला तारीख आणि कोण कोण बसलंय ते मोठ्यानं बोलून घ्या. दोन वेळच्या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर जुळवायला जाऊ नका, दोन्ही ठेवा. मी सुरुवातीच्या काही कापून-जोडून एक केल्या होत्या, आता आजी नाही आणि मूळ फाइलीही नाहीत.

तेरणाकाठ

आणि मध्ये शांत झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. जरा थांबा.

मुठाकाठ

परात आहे, माळ्यावर! तळाला आजीचं नाव घातलेली. काढते.

सह्यपायथा

मी पण यात्रेला गावी जातोय तेव्हा वडिलांचं करणार, चुलते पण असतील. माइक वगैरे घ्यावा लागतो का? घराला पत्रा आहे, आवाज घुमतो.

ओवीवेडी

काही लागत नाही, साधा फोन पुरतो. पंखा बंद करा, फोन स्टीलच्या टेबलावर ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि दोघांच्या मधोमध. पत्र्याखाली नको, ओसरीत बसवा. विमान मोड चालू करा नाहीतर ऐन रंगात कुणाचातरी फोन येतो. आणि चुलते कानानं कमी असतील तर त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला वडिलांना बसवा.

सह्यपायथा

डावा बरा आहे. तसं बसवतो.